नावाची साक्ष

आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात कधी ना कधी एखाद्या कागदावर तो पुरता न वाचता सही केलेली असेल. वार्षिक सभेत मंडळीचा ताळेबंद हातोहात फिरत येतो, चहा निवत असतो, आणि आपण नावापुढे सही करून कागद शेजाऱ्याकडे सरकवितो. कोणी विद्यार्थी प्रमाणपत्राच्या नकला घेऊन येतो, मूळ प्रत घरी राहिली असे सांगतो. मुलगा ओळखीचा, आईबाप सालस, म्हणून आपण ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून मोकळे होतो. यात आपण खोटे बोललो असे आपणांस वाटत नाही. आपण केवळ विश्वास ठेविला. तथापि त्या शिक्क्याचा अर्थ ‘माझा या मुलावर विश्वास आहे’ असा होत नाही. ‘मी मूळ प्रत पाहिली आहे’ असा होतो.

अशी सही एखाद्याने दोन हजार वेळा केली तर? हा प्रश्न मी अतिशयोक्तीने विचारीत नाही. विसाव्या शतकातील एका थोर वैज्ञानिकाच्या बाबतीत तो अक्षरशः विचारता येतो. रॉबर्ट गुड हे त्यांचे नाव. शरीराची रोगप्रतिकारशक्ती हा त्यांचा अभ्यासविषय. 2003 साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या नावावरील शोधनिबंधांची संख्या दोन हजारांच्या घरात सांगितली गेली. त्यांचा संशोधनकाल पन्नास-पंचावन्न वर्षांचा धरला तर दर नऊ-दहा दिवसांस एक निबंध पडतो. आणि त्यातून रविवार, आजारपण, प्रवास यांची वजाबाकी केलेली नाही. ज्यांनी एखादा तरी शोधनिबंध स्वतःच्या हाताने सिद्ध केला आहे त्यांना ठाऊक आहे की, एका निबंधामागे महिने जातात, पुष्कळदा वर्षे जातात.

हे वाचून ‘मोठ्या माणसाचा पोकळ डोलारा’ असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. गुड यांचा जन्म 1922 साली मिनेसोटा राज्यातील क्रॉस्बी या लहान गावी झाला. विद्यार्थिदशेत पोलिओसदृश आजाराने त्यांना गाठले आणि पायात कायमचा अधूपणा राहिला. तरीही 1947 साली त्यांनी वैद्यकाची पदवी व डॉक्टरेट अशा दोन्ही पदव्या मिळविल्या. छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस या ग्रंथीचे प्रयोजन काय, हे त्या काळी कोणालाच नीट ठाऊक नव्हते. या ग्रंथीला गाठ झालेला आणि ज्याच्या रक्तात रोगप्रतिकारक द्रव्येच नाहीत असा एक रुग्ण गुड यांच्याकडे आला. इतरांनी नोंद करून सोडून दिली असती. गुड यांनी त्या दोन गोष्टींची सांगड घालण्याचा ध्यास घेतला. 1961-62 च्या सुमारास लंडनमध्ये झाक मिलर यांनी आणि मिनेसोटात गुड यांच्या चमूने स्वतंत्रपणे दाखवून दिले की, नवजात प्राण्यांची थायमस काढली तर त्यांची प्रतिकारशक्ती नीट घडतच नाही. 1968 साली जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या पाच महिन्यांच्या एका मुलाला त्यांनी त्याच्या बहिणीची अस्थिमज्जा दिली. तो मुलगा वाचला आणि मोठा झाला. आज जगात ठिकठिकाणी, आपल्या देशातील वेल्लोर-मुंबईपर्यंत, मज्जारोपणाने जी मुले वाचतात त्यांच्या इतिहासाचा आरंभ करताना त्या बालकाची आठवण ठेवावी लागते.

निबंधांची संख्या आणि त्यांचे मोल यांचा संबंध किती सैल असतो याचा एक नमुना गुड यांच्याच क्षेत्रात आहे. तो येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. कोंबडीच्या शरीरात शेपटाजवळ एक लहान पिशवी असते. ब्रूस ग्लिक नावाचा तरुण संशोधक ओहायोत तिचा अभ्यास करीत होता. त्याने पिशवी काढलेल्या काही कोंबड्या एका सहाध्यायाने वर्गातील प्रात्यक्षिकासाठी नेल्या. प्रात्यक्षिक साफ फसले, कारण लस टोचूनही त्यांच्यापैकी बहुतेकींच्या रक्तात प्रतिकारक द्रव्ये तयार झाली नाहीत. फसलेल्या प्रात्यक्षिकातून ग्लिक व त्याच्या सहकाऱ्यांनी निबंध लिहिला. ‘सायन्स’ या मान्यवर पत्रिकेने तो परत केला. शेवटी 1956 साली कुक्कुटपालनाला वाहिलेल्या ‘पोल्ट्री सायन्स’ या मासिकात तो छापला गेला, आणि प्रतिकारशास्त्राच्या पंडितांनी कित्येक वर्षे त्याकडे पाहिलेही नाही. 1965 साली मॅक्स कूपर व गुड प्रभृतींनी प्रतिकारशक्तीला दोन स्वतंत्र शाखा आहेत हे दाखविले, तेव्हा त्यातील एका शाखेचे मूळ त्या कोंबड्यांत सापडले. कुक्कुटपालनाच्या मासिकातील तो निबंध तराजूच्या एका पारड्यात घातला, तर दुसऱ्या पारड्यात किती निबंध घालावे लागतील, मला सांगता येणार नाही.

आता गुड यांच्या संख्येकडे वळू. दोन हजार निबंध एका माणसाने लिहिलेले नसतात. मोठ्या प्रयोगशाळेत पन्नास-साठ तरुण काम करतात. प्रयोग ते करतात, आकडे ते मांडतात, मसुदा ते लिहितात; आणि लेखकांच्या नामावळीत शेवटचे नाव प्रमुखाचे असते. अशी रूढी आहे आणि ती सर्वस्वी अन्याय्य आहे असेही नाही. पैसा प्रमुखाने आणलेला असतो, मूळ कल्पना पुष्कळदा त्याची असते, आणि अनोळखी तरुणाचा निबंध संपादकाने उघडून पाहावा म्हणून त्या नावाचा आधार लागतो. गुड तर या बाबतीत विशेष उदार समजले जात. होतकरू तरुणाच्या पाठीवर हात ठेवावा, त्याला मोकळे सोडावे, त्याच्या यशात आनंद मानावा, असा त्यांचा स्वभाव. दुर्गुण म्हणावा असे यात काहीच नाही. आणि जे घडले ते नेमके याच सद्गुणाच्या आडोशाने घडले.

विल्यम समरलिन हे त्वचारोगांचे डॉक्टर 1971 साली गुड यांच्याकडे आले. त्यांचा दावा मोठा आकर्षक होता. एका माणसाची त्वचा दुसऱ्याला लावली की शरीर तिला परकी म्हणून ओळखते आणि दोन-तीन आठवड्यांत झिडकारते, हे आपण जाणतोच. समरलिन म्हणत की, काढलेली त्वचा काही आठवडे पोषक द्रवात ठेविली तर तिचा हा परकेपणा नाहीसा होतो. मग ती कोणालाही लावावी, झिडकारली जाणार नाही. हे खरे असते तर भाजलेल्या हजारो रुग्णांचे जीवन पालटले असते. 1973 च्या आरंभी गुड न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेचे प्रमुख झाले आणि समरलिन त्यांच्यासोबत गेले. त्याच मार्च महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर गुड यांचे चित्र झळकले, आणि त्याच महिन्यात विज्ञानवार्ताहरांच्या मेळाव्यात समरलिन यांनी आपला शोध सांगितला. वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. या विषयावरील निबंधांत समरलिन यांचे नाव पहिले आणि गुड यांचे शेवटचे, असेही निबंध प्रसिद्ध झाले.

पुढचा भाग सांगताना मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मला सर्वाधिक अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. निरनिराळ्या प्रयोगशाळांतील लोकांनी हा प्रयोग करून पाहिला. त्यांची त्वचा झिडकारली गेली. पुन्हा केला, पुन्हा तेच. त्यांनी काय निष्कर्ष काढला असेल? ‘समरलिन यांचे चुकत असावे’ असा नव्हे. आपलाच हात बसत नाही, द्रव नीट तयार झाला नसेल, दिवस मोजण्यात चूक झाली असेल, असेच प्रामाणिक माणसाला वाटते. ज्याचा हात स्वच्छ आहे तो आधी आपल्याच हाताकडे संशयाने पाहतो. आणि फसलेला प्रयोग कोणी सहसा छापीत नाही. त्यामुळे यशाचा एक दावा छापून सर्वत्र पोहोचतो, आणि अपयशाच्या दहा नोंदी दहा ठिकाणच्या वह्यांत निजून राहतात. त्या दाव्याच्या शेवटी गुड यांच्यासारखे नाव असले की, संशय घेणे म्हणजे उद्धटपणा वाटू लागतो. म्हणजे पाहा, गुड यांनी जे नाव तरुणाच्या आधारासाठी दिले, तेच नाव दूरवरच्या कित्येक सज्जनांच्या तोंडावरचा हात ठरले. गुड यांना याची कल्पनाही नसेल.

गुड यांच्या न्यायबुद्धीविषयी एवढे सांगितले पाहिजे की, शंका कानी येऊ लागल्यावर त्यांनी आपल्याच संस्थेतील एका तरुण संशोधकाकडे हे काम पडताळून पाहण्यासाठी सोपविले. त्यालाही यश आले नाही. तो अपयशाचा निबंध प्रसिद्ध करावयाचा असे घाटत होते. 26 मार्च 1974 च्या सकाळी समरलिन काही पांढरे उंदीर घेऊन गुड यांना भेटावयास निघाले. त्या उंदरांवर काळ्या उंदरांच्या त्वचेचे तुकडे लाविलेले होते. लिफ्टमधून वर जाताना त्यांनी खिशातील काळे फेल्ट-पेन काढले आणि दोन उंदरांवरील ते तुकडे अधिक काळे केले. गुड यांनी उंदीर पाहिले. त्यांच्या ध्यानात काही आले नाही.

ध्यानात आले ते एका प्रयोगशाळा-सहायकाच्या. उंदीर परत पिंजऱ्यात ठेवताना त्याला तो काळेपणा वेगळा दिसला. त्याने अल्कोहोलचा बोळा फिरविला आणि शाई निघून आली. दुपारपर्यंत बातमी गुड यांच्या कानी गेली आणि समरलिन यांना कामावरून दूर करण्यात आले. या कथेत जी नावे मोठ्या टायपात छापली गेली, त्यांत त्या सहायकाचे नाव नाही. पण ‘मी पाहिले आहे’ हे वाक्य त्या दिवशी उच्चारण्याचा अधिकार कोणाला होता, तर त्याला.

संस्थेने चौकशी-समिती नेमली. मे महिन्यात तिचा अहवाल आला. उंदरांचा रंग हा तर शेवटचा आणि लहानसा भाग होता. सशांच्या डोळ्यांविषयीचा प्रकार अधिक गंभीर निघाला. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो. एक उंदीर कित्येक महिने शोधाचा जिवंत पुरावा म्हणून मिरविला जात होता. तो संकरित निघाला. म्हणजे त्या त्वचेला परकी न मानण्याचे कारण त्याच्या जन्मातच होते. समितीने समरलिन यांना दोषी धरले. गुड यांच्यावर खोटेपणाचा ठपका आला नाही, परंतु कच्च्या कामाला अवाजवी प्रसिद्धी मिळू देण्याची काही जबाबदारी त्यांच्यावर ठेवण्यात आली. समरलिन यांचे म्हणणे असे की, ते अतिश्रमाने थकले होते, आणि निकाल दाखवा, प्रसिद्ध करा, असा ताण त्यांच्यावर सतत होता.

संस्थेचे अध्यक्ष लुईस थॉमस यांनी समरलिन यांना मानसिक अस्वास्थ्याच्या कारणावरून एक वर्षापर्यंत पगारी वैद्यकीय रजा दिली. ही दया होती काय? दया ही आपणा सर्वांना प्रिय असलेली गोष्ट. तिच्याविरुद्ध बोलण्यास जीभ रेटत नाही. थकलेल्या माणसाला उपचार मिळावेत, त्याच्या लेकराबाळांच्या तोंडचा घास जाऊ नये, हे योग्यच. परंतु मला एक शंका येते. एका माणसाला आजारी ठरविले की बाकीचे घर आपोआप निरोगी ठरते. मग त्याच्या निबंधांवर ज्यांची नावे होती त्यांनी मूळ वह्या पाहिल्या होत्या काय, ससे हाताळले होते काय, हे विचारण्याची निकड उरत नाही. दयेचा असाही उपयोग होऊ शकतो हे आपण आपल्या संस्थांतूनही पाहिलेले आहे.

या प्रकरणात एक गोष्ट मला मोठी विलक्षण वाटते. समरलिन यांची मूळ कल्पना अगदीच निराधार नव्हती. पुढच्याच वर्षी, 1975 साली, ऑस्ट्रेलियातील केव्हिन लॅफर्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांची थायरॉइड ग्रंथी काही काळ प्रयोगशाळेत जोपासून नंतर रोपली, तर ती झिडकारली जाण्याचे प्रमाण कमी होते असे दाखविले. ग्रंथीसोबत आलेल्या दात्याच्या रक्तपेशी त्या काळात मरून जातात, असे त्याचे स्पष्टीकरण. त्वचेची गोष्ट फार अवघड आहे, तिला हे लागू पडत नाही. पण सत्याचा एक धागा तेथे होता. समरलिन यांनी धीर धरून, अपयशाची नोंद अपयश म्हणूनच करीत तो धागा ओढला असता, तर कदाचित आज त्यांचे नाव वेगळ्या कारणाने घेतले गेले असते. शाईने सत्यही झाकले गेले.

गुड यांच्या बाजूने जे म्हणता येते ते मी टाळू इच्छीत नाही. विज्ञान विश्वासावर चालते. प्रत्येक प्रमुख प्रत्येक सहकाऱ्याची वही रोज तपासू लागला तर कामच होणार नाही, आणि संशयाच्या हवेत होतकरू माणूस गुदमरतो. ज्या मोकळ्या विश्वासाने गुड यांनी समरलिन यांना सोडले, त्याच विश्वासाने त्यांनी इतर कित्येकांना सोडले होते, आणि त्यांच्या हातून थोर कामे झाली. एका फसवणुकीवरून त्या विश्वासालाच दोष द्यावा काय? मला तसे वाटत नाही. परंतु विश्वास ठेवणे आणि साक्ष देणे या दोन क्रिया आहेत. ‘हा तरुण हुशार आहे, याचे ऐका’ असे गुड यांनी शिफारसपत्रात लिहिले असते तर ते सर्वस्वी खरे झाले असते. निबंधातील वाक्य तसे नसते. तेथे लिहिलेले असते की, अमुक प्राण्यावर अमुक केले आणि अमुक घडले. त्या वाक्याखाली नाव घालणारा आपल्या अनुयायाविषयी बोलत नसतो, उंदराविषयी बोलत असतो. आणि उंदीर त्याने पाहिलेला नसतो, किंवा लिफ्टमधून आलेला घाईघाईने पाहिलेला असतो.

वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांनीही कालांतराने हाच भेद ओळखला. लेखक कोणाला म्हणावे याचे नियम त्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीने 1985 साली घातले, आणि 2013 साली त्यांत भर घातली की, लेखक म्हणविणाऱ्याने संपूर्ण कामाविषयी जाब देण्यास तयार असले पाहिजे. नियम चांगले आहेत. पण आपल्या देशात 2010 पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांना गुण देण्याची पद्धत आली, आणि त्यानंतर काय काय छापून येऊ लागले हे या पानावर सांगत बसलो तर विषय राहून जाईल.

सशांकडे वळू. समरलिन सांगत की, प्रत्येक सशाच्या दोन्ही डोळ्यांवर परके पारदर्शक पटल बसविले आहे. एका डोळ्यावर ताजे, दुसऱ्यावर जोपासलेले. ताजे पटल झिडकारले जाऊन डोळा धुरकट झाला, जोपासलेले स्वच्छ राहिले. 1973 च्या शरद ऋतूत असे ससे संस्थेच्या सल्लागार मंडळापुढे मांडले गेले. त्या मंडळात सर पीटर मेडावर बसलेले होते.

मेडावर कोण, हे सांगणे अवश्य आहे. एका शरीराची त्वचा दुसरे शरीर का झिडकारते, या प्रश्नाचा पाया ज्यांनी घातला ते हेच. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या माणसांचे हाल पाहून ते या कामास लागले, आणि 1960 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 1969 साली एक्झिटर येथील कॅथीड्रलमध्ये, एका विज्ञानसभेच्या निमित्ताने झालेल्या उपासनेत शास्त्रपाठ वाचत असताना, त्यांना मेंदूतील रक्तस्रावाचा झटका आला आणि शरीराची एक बाजू लुळी पडली. (ते स्वतः श्रद्धावंत नव्हते; अध्यक्ष या नात्याने वाचीत होते.) तशा स्थितीतही त्यांनी काम सोडले नाही. 1963 साली त्यांनी बीबीसीवरून एक भाषण केले होते. शोधनिबंध हा प्रकारच एक लबाडी आहे काय, असा त्याचा विषय. निबंधाची नीटनेटकी मांडणी वैज्ञानिकाच्या मनातील खरी वाटचाल लपविते, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे छापील निबंधाकडे डोळसपणे कसे पाहावे हे त्या खोलीत कोणाला कळत असेल, तर त्यांना.

मेडावर यांनी तो स्वच्छ डोळा पाहिला. डोळ्याभोवतीच्या रक्तवाहिन्यांच्या कड्यात कोठेही ढवळाढवळ झालेली त्यांना दिसली नाही. या डोळ्यावर शस्त्रक्रिया झालेलीच नाही असे त्यांच्या मनाने घेतले. ते खरेही होते. त्या डोळ्याला कोणी हात लावलेला नव्हता. आणि मेडावर गप्प राहिले. त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतही समरलिन यांचा प्रयोग फसलेला होता. तरीही ते गप्प राहिले. हे आपल्याला कळते कारण त्यांनीच ते सांगितले. 1976 साली या प्रकरणावरील एका पुस्तकाचे परीक्षण करताना त्यांनी मोकळेपणाने लिहिले की, आपण सारे फसविले जात आहोत असे बोलून दाखविण्याचे नैतिक धैर्य त्या क्षणी आपल्यापाशी नव्हते.

खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण लहानपणी शब्बाथ शाळेत पाठ केली. त्याच नियमशास्त्रात, लेवीयच्या पाचव्या अध्यायाच्या आरंभी, तितके परिचित नसलेले एक वचन आहे. जो साक्षीदार आहे, ज्याने पाहिले आहे किंवा ज्याला ठाऊक आहे, तो विचारले असता सांगत नसेल तर तो दोषी, असा त्याचा आशय. मेडावर यांना सल्लागार म्हणून बोलाविले होते ते विचारण्यासाठीच. या दृष्टीने पाहता, गुड आणि मेडावर या दोघांपैकी कोणाचा दोष अधिक? गुड यांनी न पाहिलेल्याची साक्ष दिली. मेडावर यांनी पाहिलेल्याची दिली नाही. मी पुष्कळ दिवस मेडावर यांना अधिक दोष देत होतो, कारण त्यांना ठाऊक होते. आता तितक्या खात्रीने देत नाही. अडीच वर्षांनंतर का होईना, ज्याविषयी कोणीही त्यांना कधी पकडू शकले नसते ती गोष्ट त्यांनी स्वतः छापून टाकली. तो स्वच्छ डोळा पाहताना त्यांना काय वाटले हे दुसऱ्या कोणाला ठाऊक होते?

त्या खोलीतील मौन मला कळते असे मी म्हणतो, त्याला कारण आहे. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत होतो. माझ्याहून तरुण अशा एका सहकाऱ्याने ओढ्यातील माशांच्या रक्तपेशींची गणना करून प्रकल्प-अहवाल तयार केला. माझे इंग्रजी बरे म्हणून तो माझ्याकडे भाषा तपासण्यास आणून दिला. रात्री कंदिलाशी बसून वाचताना मला दिसले की, पावसाळ्याच्या तक्त्यातील एक संपूर्ण रकाना आणि उन्हाळ्याच्या तक्त्यातील एक रकाना शेवटच्या दशांशापर्यंत सारखे आहेत. माशांत असे होत नाही. एकदा होईल, आठ ओळींत होत नाही.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. त्याची आई रुग्णालयात होती, बढतीची मुलाखत महिन्यावर आली होती. तो नेहमी ‘सर, तुम्ही होता म्हणून’ अशा शब्दांनी बोलणे सुरू करीत असे. त्या दिवशीही केले. बायकोने चहा आणला. कदाचित टंकलेखनाची चूक असेल, असे मी मनाशी म्हटले. विचारले असते तर तेवढेच विचारायचे होते, ‘हा रकाना दोनदा उतरला काय?’ त्यात आरोप नव्हता. मी इंग्रजीतील ‘द’ आणि ‘ए’च्या चुका दाखविल्या, एका परिच्छेदाचा क्रम बदलण्यास सुचविले, आणि कागद परत दिले. तो चहा पिऊन गेला. त्याला बढती मिळाली. पुढे आम्ही अनेक वर्षे एकाच खोलीत बसलो, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांना गेलो, आणि त्या रकान्याविषयी मी कधी बोललो नाही. चूक टंकलेखकाची होती की त्याची, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

तो अहवाल महाविद्यालयाच्या ग्रंथालयात निळ्या बांधणीत आहे. निवृत्त होण्याच्या आठवड्यात मी तो कपाटातून काढून पाहिला. दोन्ही रकाने तसेच आहेत. आभाराच्या पानावर तिसऱ्या ओळीत, हस्तलिखित काळजीपूर्वक तपासल्याबद्दल, माझे नाव आहे.